खंडेनवमीचं अपडेट

उदगीरच्या आमच्या डीटीपीच्या दुकानात तीन कॉम्प्युटर, आणि तिघांचे नखरे वेगळे. विंडोजवर काही घालायचं म्हणजे सेटअप फाइल आणायची आणि न वाचता ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत सुटायचं. मॅकवर चिन्ह उचलून फोल्डरात टाकलं की झालं, पण आमचा मॅक इतका म्हातारा की नवीन काही घ्यायलाच तयार नाही. कोपऱ्यातल्या खटाऱ्यावर मी लिनक्स चढवलेलं. तिथं एक ओळ टाइप करा, पासवर्ड द्या, हवं ते ॲप येतं, आतलं सगळं सामान एकदम ताजं होतं आणि तोवर तुम्ही आपलं काम करत राहा. माझा जीव त्याच्यावरच. माझ्या वडिलांना, अप्पांना, तिन्ही सारखेच. “बटन दाबलं की चालू झालं पाह्यजे, बास!”

खंडेनवमीला सकाळी अकरा वाजता माझी ऑनलाइन मुलाखत होती. नोकरी पुण्यातली, लोकांना फोनवरून सॉफ्टवेअर घालायला नि अपडेट करायला मदत करायची. मला ती पाहिजे होती, लई पाहिजे होती. अप्पांना मात्र नको होती. “मग दुकान कोण बघणार?” एवढंच म्हणायचे. दुकानाचं आपलं निमित्त हो, पोरगी लांब जाणार हे खरं दुखणं.

मुलाखतीचं ॲप घालावं म्हणून सकाळीच विंडोज सुरू केलं, तर त्याचं आधीचं अपडेट राहिलेलं. ते आधी उरकावं लागणार होतं. स्क्रीनवर ठळक सूचना आली, कॉम्प्युटर बंद करू नका. बरं बाबा, चालू दे तुझं, म्हणून मी मागं घरात साडी नेसायला गेले.

येऊन बघते तर काय! तिन्ही मशीन बंद, वर झेंडूच्या माळा, विभूतीचे पट्टे ओढलेले, आणि अप्पा उदबत्ती ओवाळतायत. विंडोजची पिन बोर्डातून उपसलेली.

“अप्पा! अहो काय केलं हे?”

“पूजेला हत्यार बंदच लागतंय, माय. चालू यंत्राला कुणी माळ घालतंय का?”

“त्याचं अपडेट चालू होतं!”

“मग? ती काय तव्यावरची भाकर हाय, करपायला?”

मी अशी ओरडले की समोरचा चहावाला डोकावून गेला. पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत, पण मी कसली ऐकते! विंडोज चालू केलं तर ते नुसतं गोल गोल फिरत बसलं. मॅकनं नव्या ॲपला साफ नाही म्हटलं. अकरा वाजायला आलेले. रागानं मला रडूच फुटलं.

अप्पा कोपऱ्यात गेले, लिनक्सच्या खटाऱ्यावरची माळ स्वतःच्या हातानं उतरवली आणि खुर्ची ओढून दिली. “बस.”

मी ओळ टाइप केली, पासवर्ड दिला, ॲप आलं. पलीकडच्या मॅडम दिसल्या आणि म्हणाल्या, “तुमच्याकडे धुकं पडलंय का हो?” ऑक्टोबरात, उदगीरला! विभूतीचा एक पट्टा थेट कॅमेऱ्यावर गेलेला. अप्पांनी उपरण्यानं पुसला.

मग त्यांनी विचारलं, “अपडेट चालू असताना ग्राहकानं मध्येच पिन काढली. तुम्ही आधी काय कराल?”

मला हसू आवरेना. “आधी त्याच्यावर ओरडणार नाही, मॅडम. घाबरू नका म्हणेन. मशीन चालू करून थोडं थांबायला सांगेन, बहुतेक वेळा ते आपणच सावरतं. नाहीच सावरलं तर...”

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून अप्पांचं तोंड कॅमेऱ्यात आलं.

“मॅडम, ती पिन मीच काढली हो. पोरीचा काही दोष न्हाई. लई हुशार हाय ती. घेऊन जावा तिला.”

एवढं बोलून त्यांनी उपरण्यानं कॅमेरा पुन्हा एकदा पुसला, आणि मी माझं राहिलेलं उत्तर पुढं सांगायला लागले.