गेटापर्यंतचा कोबा

आमच्या पोर्चपासून गेटापर्यंत कोबा आहे. ट्रॅक्टर, नवऱ्याची गाडी, माझी स्कूटी, सगळं त्यावरूनच आत येतं. तो घातला तेव्हा ठेकेदार घसा कोरडा करून सांगत होता, की खालची काळी माती उपसा, मुरूम भरा, मग काँक्रीट ओता. माझे सासरे, त्यांना आम्ही आबा म्हणतो, ऐकतील तर शपथ. "सोन्यावाणी माती उकरून टाकू कुठं? हितं ऊस येतो." मग वरवर वीतभर खणलं, थोडा मुरूम पसरला आणि कोबा ओतला. कोब्याची कड संपली की लगेच उसाची सरी. आमच्या कोऱ्हाळ्याकडे घराभोवती पाय ठेवायला जागा नसली तरी चालते, ऊस मात्र भिंतीला टेकलेला लागतो.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की ऊस भिजायचा आणि त्याच्याबरोबर कोब्याखालची जमीनही भिजायची. पाणी गेलं की ती खाली बसायची. असं होता होता कोब्याला मधोमध वाकडी भेग पडली आणि तिची एक बाजू वर आली. गाड्यांचं त्याने काही बिघडलं नाही. बिघडलं ते आबांचं.

आबांची डावी बाजू अर्धांगवायूने लुळी पडली होती. बारामतीच्या डॉक्टरांनी घरी सोडताना स्पष्ट सांगितलं होतं, की चालत राहिले तर चालतील, एकदा खाटेला खिळले की उठायचे नाहीत. त्या वाक्याने माझी झोप उडाली होती. आबा रोज संध्याकाळी वॉकर घेऊन गेटापर्यंत जायचे आणि परत यायचे. दिवसभरातलं चालणं ते एवढंच. एका संध्याकाळी वॉकरचं चाक भेगेत अडकलं आणि ते तोंडावर आपटले. कपाळ फुटलं. मी किंचाळत धावले, तर मलाच म्हणतात, "वरडू नगं. उसात पडलो असतो तर लागलं नसतं."

गवंडी बोलावला. त्याने भेगेत सिमेंट भरलं, ते पुढच्या पाळीला उखडलं. पुन्हा भरलं, पुन्हा उखडलं. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी शाळेत मराठी शिकवते, गवंडीकाम करत नाही. पण एका रविवारी ग्राइंडर मागून आणला, भेगेच्या कडा कापल्या, वर आलेली बाजू घासून काढली. आतली माती झाडली, फोमची दोरी दाबून बसवली आणि वरून रबरासारखं ताणणारं सीलंट भरलं. नवरा म्हणाला, "बाया बघत्यात." मी म्हटलं, "बघू देत, त्यांचाही कोबा करून देते." त्या उन्हाळ्यात कालव्याची पाळी लांबली, तोवर सीलंट टिकलं. मग उसाला पाणी बसलं आणि ते एका कडेने टराटरा सुटलं. मी पोर्चच्या पायरीवर बसून रागाने रडले.

कडेला ऊस आहे तोवर हे थांबणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. आबांना सांगायचं कोणी, एवढाच प्रश्न होता. नवऱ्याचं तोंड उघडेना. शेवटी जेवताना मीच म्हणाले, "आबा, कडेच्या सऱ्या मोडाव्या लागतील. नाहीतर तुम्ही परत पडाल."

वीतभर बांधासाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेला माणूस. मी भांडणाच्या तयारीने बसले होते. ते ताटाकडे बघतच म्हणाले, "मोडा. तुमीच बघताय आता समदं."

ऊस तुटून गेल्यावर सऱ्या मोडल्या, कडेने चर खणून मुरूम भरला, पाणी लांबून वळवलं. भेग मी पुन्हा भरली. पाळी आली तेव्हा रोज सकाळी सीलंटला नख लावून बघत होते. जरासुद्धा सुटलं नाही. मी खूश होते, अगदी मिरवत होते.

संध्याकाळी आबांपुढे वॉकर ठेवला. ते पायरीपर्यंत आले, समोर बघितलं आणि खुर्चीत बसले.

"चला की आबा. आता अडकत नाही."

"कशाला?"

"गेटापर्यंत."

"काय हाय तितं?"

पूर्वी चालताना ते जागोजागी थांबायचे. वॉकरवरचा चांगला हात काढून उसाची पानं बाजूला सारायचे, कांडं चाचपायचे. मला वाटायचं, दम खातात. "पलीकडच्या रानात आहे की ऊस," मी म्हणाले. "तितवर माझं पाय पोचत न्हाईत," ते म्हणाले.

माझ्या ओरडण्याला घाबरून थोडे दिवस चालले, मग तेही सोडलं. मी प्लास्टिकच्या पिंपात ऊस लावून कोब्याच्या कडेला ठेवला. तो बघून म्हणाले, "ह्ये काय, फुलझाड हाय व्हय?" थंडी संपेतो त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांचा शब्द खरा झाला. आता मी त्यांना कुशीवर वळवते, पाठीला पावडर लावते. वॉकरवर आम्ही टॉवेल वाळत घालतो.

हल्ली त्यांना काही आठवतं, काही नाही. परवा कालव्याला पाणी सुटलं. सवयीने मी कोबा बघून आत आले, तर आबांनी विचारलं, "पानी आलं?"

"आलं."

"कुठवर?"

"कोब्याच्या कडेला लागलं, आबा," मी खोटंच सांगितलं.

"मग फुटतुया बघ तुजा कोबा," म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी हसले.

"फुटू दे," मी म्हणाले. हे मात्र खोटं नव्हतं.