शिसं म्हणजे नेमकं काय?

डॉ. सुमतीबाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या वैद्यकीय कार्यावर जाणकार लिहितीलच. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका; बाईंच्या सहवासात मी गोंधळलेच फार, आणि त्याविषयी मात्र अधिकाराने लिहू शकते.

ओळख झाली ती तीन-चार वर्षांपूर्वी, दुष्काळ सरला तेव्हा. आमची शाळा सोलापुरात विणकरांच्या वस्तीत. दुसरीतल्या पद्माने बाकावरच्या शेजारणीचा दंड कडकडून चावला होता. आदल्या वर्षी कविता म्हणायला सर्वांत पुढे असणारी ही पोर आता साधी बेरीज विसरायची, उगाच रडायची, अंगावर धावून यायची. हेडमास्तर शाळेतून तिचं नाव काढून टाकायला निघाले होते. मुलांच्या आरोग्य तपासणीला आलेल्या बाईंनी तिला जवळ घेतलं, हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली आणि मला विचारलं, "ही आधीपासून अशी आहे?" मी नाही म्हणाले. त्यांनी हेडमास्तरांना थांबवलं आणि तिचं रक्त तपासायला पुण्याला पाठवलं.

रक्तात शिसं निघालं, तेव्हा बाईंनी वस्तीतल्या सगळ्या पालकांना बोलावून सांगितलं, "पोरांच्या पोटात शिसं जातंय. त्याने डोकं चालत नाही, स्वभाव बिघडतो. घरात शिसं असेल तर दूर करा."

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात एकाकडेही शिसपेन्सिल नव्हती! उर्दू बोलणाऱ्या एका घरात शिसं म्हणजे 'शीशा' समजून भिंतीवरचा आरसा उतरवला होता. पद्माची आई, लक्ष्मम्मा, तर अभिमानाने सांगू लागली, "सीसा कवाच फेकली की बाई! खोकल्याच्या औषधाची व्हती." तेलुगूत सीसा म्हणजे बाटली, हे तेव्हा आम्हाला कळलं.

बाई पोट धरून हसल्या आणि तडक लक्ष्मम्माच्या घरी निघाल्या. मीही मागे. अंगणात पद्माचा मामा जुन्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या वितळवत होता आणि पद्मा शेजारी राखेत खेळत होती. मामा म्हणाला, "ह्ये शिसं न्हाय बाई, बॅटरीचा माल हाय." बाईंनी थंड झालेला एक गोळा उचलून त्याच्या हातावर ठेवला. "ह्यालाच मी शिसं म्हणते." मामाने आधी पद्माला राखेतून उचललं. बाई त्याला एका शब्दाने रागावल्या नाहीत. महिन्याभरात त्यांनी त्याला मागावर काम मिळवून दिलं, आणि अंगण खरवडून घेतलं तेव्हा स्वतः उभ्या राहिल्या. तेव्हापासून बाई कोणतीही गोष्ट सांगताना ती आधी हातात देतात.

पद्मावर उपचार झाले. चावणं थांबलं, झोप लागू लागली. पाढे मात्र पुरते परतले नाहीत. अजूनही ती चिडली की मी गोंधळते. हा राग शिशाचा की तिचा? एकदा बाईंनाच विचारलं. "मलाही कळत नाही," त्या म्हणाल्या. इतकं सरळ उत्तर मला कुणा डॉक्टरांनी दिलेलं नाही.

गेल्या महिन्यात पद्माने मला विचारलं, "बाई, मी आधी हुशार व्हते का हो?" मी तिला घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "होतीस. मग काय झालं ते सगळं सांगते. तुझी चूक त्यात कुठेच नव्हती." पद्मा ऐकता ऐकता रडली, आणि जाताना बाईंचा हात सोडेना.

बाई, हा प्रश्न ती पुन्हा विचारील. मोठी झाल्यावर, कदाचित स्वतःचं मूल मांडीवर घेऊन विचारील. मला तेव्हाही उत्तर देता येणार नाही. म्हणून तुम्ही हव्यात, धडधाकट हव्यात, आणि तिच्या शेजारी बसायला हव्यात.