मामंजींची धामण

भांडी घासता घासता एक पळी हाताला लागली आणि राखेचे हात तसेच पुसून लिहायला बसलेय. हे आत्ता सांगितलं नाही तर मला चैन पडायची नाही! आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, शुक्रवार पेठेतल्या घरात धामण पाळायचे. खरीखुरी, माझ्यापेक्षा लांब! ते मिलच्या गोदामात कारकून. तिथं कापसाच्या गाठीखाली ती चेंगरली, तर कोटात गुंडाळून घरी आणली. कामावरून आले की टोपी काढायच्या आधी टोपलीचं झाकण उचलून विचारायचे, "काय बाई, आज कसं काय?"

मी जेऊरची, नवी सून. धामणीला विष नसतं म्हणे. मला काय त्याचं! त्या खोलीत पाय उचलूनच चालायची. मामंजी कधी हसले नाहीत. म्हणायचे, "भितेस ते बरंय. भिणाऱ्याचा हात हलका असतो."

पहिल्या पंचमीला दादा मला माहेरी न्यायला येणार होता. आला नाही, निरोपही नाही. मनात नको नको ते यायला लागलं. नागाला भाऊ मानायचं ना, मग घरात ही होतीच. कात टाकायला आली होती, मलूल पडलेली. मी कसंबसं हळदकुंकू वाहिलं, पळीनं तिचं तोंड उचकटून दूध ओतलं आणि म्हटलं, माझ्या दादाला सुखरूप ठेव.

दुसऱ्या दिवशी ती तोंड वर करून घरघरायला लागली. तोंडाशी फेस! ही मेली तर दादाचं काय होईल? सासूबाई म्हणाल्या, "माळावर सोडून या ते जनावर." मामंजी तिचा श्वास ऐकत बसले. मला राहवेना.

"मामंजी, मीच दूध पाजलंय की तिला."

मी डोळे मिटून घेतले. ते एवढंच म्हणाले, "छातीत गेलंय ते. ये, शेपटीकडून धर."

"मला न्हाय जमायचं!"

"मलाही एकट्याला जमत नाही गं."

धरली. गार अंग, आणि आतली घरघर थेट माझ्या तळव्याला लागत होती. मी शेपटी वर धरली, त्यांनी डोकं खाली करून कापसानं तोंड टिपलं. थेंब थेंब पांढरं बाहेर आलं. मग टोपली चुलीच्या उबेला. रोज दोनदा असंच.

तिसऱ्या दिवशी दादा दारात हजर! बैल आजारी पडला म्हणून अडकला होता. माझ्या हातात धामण बघून पिशवीसकट पायरीवरून खाली गेला.

"अगं सोड की तिला! चावंल!"

"गप रं. हलली तर तिच्या छातीत जाईल."

दादा धडधाकट समोर उभा होता, तरी मी तिला सोडलं नाही. ती आपण होऊन पाणी प्यायली, तेव्हाच माहेरी गेले.

गेल्या महिन्यात मामंजी गेले. शेवटी त्यांनाही तशीच घरघर लागली होती. बायका जमल्या. कुणीतरी तीच पळी माझ्या हातात दिली, "घाल गंगा तोंडात." हेही छातीत गेलं तर? ओतवेना. मी कापूस भिजवून नुसते ओठ ओले केले. मागून आवाज आला, "बघा, सुनेला पळीभर पाणी जड झालं!" मामंजींनी डोळे उघडले, माझ्या हाताकडं बघितलं आणि ओठ पुन्हा पुढं केले.

तुम्हाला कधी भीतीनंच असं शहाणं केलंय का? सांगा की!