नाल्याच्या झडपेची चावी

माळा साफ करताना सुनेने हातभर लांबीची एक लोखंडी चावी खाली दिली, आणि गंजाच्या वासामागून मला थेट रंगाच्या कारखान्याचा आंबूस वास आला. ऐंशीच्या दशकात मी डोंबिवलीत अशाच एका कारखान्यात केमिस्ट होतो. त्या दुपारी पाऊस नुसता कोसळत होता. आवारात रंगाचं पिंप फुटलं होतं आणि लालभडक पाणी गोदामाच्या पायरीला टेकलं होतं. आवारातलं पाणी नाल्यात सोडणाऱ्या गटाराला झडप होती, ती याच चावीने फिरायची. काही सांडलं तर ती बंदच ठेवायची, असा नियम होता. मॅनेजर ओरडले, "सोडा पाणी! एवढ्या पावसात कोणाला कळतंय?" मी चावी फिरवली. बघता बघता नाला लाल झाला. तेवढ्यात आमचा ऑपरेटर धावत आला. तो खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. "साहेब, बंद करा! ओहोटी लागलेय, ह्ये सगलं खाडीत जाईल. भावाची जाली हायेत तिथं!" "नोकरी नको झालीय का?" मॅनेजरनी विचारलं. कोणाला, ते कळलं नाही. माझे हात चावीवरच होते. ऑपरेटरने त्यांवर आपले हात ठेवले आणि जोर लावून झडप आवळली. पुन्हा कोणी उघडू नये म्हणून चावी मी शर्टात खुपसली. गोदामातली पोती भिजली. महिन्याभरात त्याला काढलं, मला नाही. "बाबा, हे कशाला जपलंय?" सुनेने विचारलं. मी तिला सगळी हकिकत सांगितली. फक्त झडप बंद केली तिथून सुरुवात केली.