आईचा वर केलेला हात

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सिडनीचं गिरावीन हे उपनगर सोडून थेट उत्तरेला डार्विनला आलो, आणि तिथे त्याला शिडाच्या होडीचं वेड लागलं. पक्का पुणेकर, समुद्राशी संबंध सुट्टीपुरता. "हौसेला मोल नसतं, पण इथल्या समुद्रातल्या मगरींना तरी घाबर," मी म्हणायचे. "नो वरीज, मेट," म्हणून तो मलाच चिडवायचा.

आई पुण्याहून आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी ती आम्हाला पोचवायला किनाऱ्यावरच्या रॅम्पपर्यंत आली. आम्ही होडी ढकलून निघालो, आणि बीकन तिथेच डब्याच्या पिशवीत राहिलं. तळहाताएवढं पिवळं यंत्र. संकटात सुरू केलं की उपग्रहामार्फत निरोप जातो आणि मदत निघते. आईला ते दिसलं. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. आम्ही वळून बघू म्हणून ती नुसती हात वर करून उभी राहिली. मी बघितलंही. मला वाटलं, टाटा करतेय. मी हसून हात हलवला.

दुपारी वारा एकदम फिरला आणि होडी उलटली. आम्ही दोघं तिला धरून होतो. डार्विनची ओहोटी लागली की समुद्र अक्षरशः पळत सुटतो. एका लाटेत त्याचा हात सुटला. लाइफ जॅकेटमुळे तो तरंगत होता, पण लांब लांब जात. तो हाका मारत होता, मी ओ देत होते. मग नुसती मीच ओरडत राहिले. संध्याकाळी मासेमारीच्या बोटीने मला उचललं. तो सापडला नाही. त्याच्या हाका अजून येतात, भर सुपरमार्केटात, दूध घेताना. मी वळून बघते.

बीकनचं आईनेच मला सांगितलं, रडत रडत. मला तिचा भयंकर राग आला, आणि तिच्याकडे बघवेनाही. यंत्र होडीत असतं तर हेलिकॉप्टर तासाभरात पोचलं असतं, हे बचाव पथकातल्या माणसाने मला सांगितलं होतं. आईला ते कळलं तर ती हाय खाईल, या भीतीने मी गप्प राहिले.

पुण्याला परत गेल्यावर एकदा तिने फोनवर विचारलंच, "ते तुमच्याजवळ असतं तर गं?"

"काही उपयोग नव्हता आई. बॅटरी संपली होती त्याची."



"तुम्ही दिसेनासे झाल्यावर मी टेस्टचं बटण दाबून पाहिलं होतं," ती म्हणाली. "जावईबापूंनीच शिकवलं होतं मला. दिवा लागला होता."