ठाण्यातून टाकलेलं मीठ

“ती साइट ग्रीन झालीय. बंद कर आणि ड्रायव्हरला घरी सोड,” विनय सर माझ्या खुर्चीमागून म्हणाले.

“पाच मिनिटं द्या, सर.”

“अगं सुजाता, वादळ संपलं. सगळे थकलेत. ग्रीन म्हणजे ग्रीन.”

ग्रीन म्हणजे काय ते आधी सांगते. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात मी स्नो डेस्कवर काम करते. आमचा क्लायंट अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका लहान शहरातले पार्किंग लॉट साफ करतो. हिमवादळ कधी येणार, बर्फ किती पडणार, कधी वितळणार, यावर आम्ही इथून नजर ठेवतो आणि तिथल्या ट्रक ड्रायव्हरना फोन करून कामाला लावतो. त्यांची रात्र तो आपला दिवस, म्हणून हे काम आपल्याकडे आलं. मी सकाळी डबा घेऊन बाळकुमहून निघते आणि दिवसभर परक्यांच्या दारातला बर्फ काढते. स्वतः मी बर्फ पाहिलाय तो मासळीच्या पेटीत.

आम्ही आगरी. माझे आजोबा मिठागरावर होते. गोठलेल्या रस्त्यावर बर्फ सुटावा म्हणून मीठ टाकतात हे आईला सांगितलं, तेव्हा ती कपाळावर हात मारून म्हणाली, “तुजे आजानी जल्मभर मीठ पिकवला, न तू रस्त्याव फेकतेस!”

तर आमच्या स्क्रीनवर प्रत्येक साइटची एक ओळ असते. तापमान फॅरनहाइटमध्ये. तिथे बत्तीसला पाणी गोठतं. आपल्याकडे बत्तीस म्हणजे डिसेंबरातली दुपार, त्यामुळे नव्या मुलांना ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. सलग काही तास बत्तीसच्या वर राहिलं की ओळ हिरवी होते आणि साइट बंद करायची. हिरव्या ओळीवर मीठ मारायचं असेल तर क्लायंटच्या मॅनेजरचं अप्रूव्हल लागतं.

त्या दिवशी जी ओळ हिरवी झाली, ती एका डायलिसिस सेंटरची होती.

माझ्या सासऱ्यांचं डायलिसिस कल्याणला चालायचं. त्यांना घेऊन मीच जायचे. आठवड्यातून तीनदा, आणि एक खेप चुकली तरी पायाला सूज, धाप, सगळं सुरू व्हायचं. परत येताना तर भिंत धरून चालायचे. अमेरिकेतल्या त्या सेंटरची पहिली पेशंट मंडळी उजाडायच्या आत येतात. ती त्या पार्किंगमध्ये घसरली तर काय होईल हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता माझी शंका. आदल्या दुपारपासून तिथे बर्फ वितळत होता. आम्ही त्याला थॉ म्हणतो. थॉ आला की सगळे खूश होतात, पण वितळलेलं पाणी कुठेतरी जातंच ना. अंदाजात दिसत होतं की मध्यरात्रीनंतर ढग जाणार आणि वारा पडणार. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी. ती ओढली की जमीन भराभर गार पडते, वरच्या हवेच्या आधी. आणि आमच्या स्क्रीनवरचं तापमान येतं विमानतळावरून, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरच्या हवेचं. जमिनीचं नाही.

त्यात मी ड्रायव्हरने काम झाल्यावर पाठवलेला फोटो उघडला. लिऑन चांगला ड्रायव्हर, पण घाईत होता. त्याने काढलेला सगळा बर्फ लॉटच्या चढाच्या बाजूला ढीग करून ठेवला होता. ढीग वितळला की पाणी उताराने थेट दाराच्या रॅम्पवर. मिठागरवाल्यांच्या नातीला पाणी कुठून कुठे वाहणार हे दिसलं नसतं तर घरचं नाव गेलं असतं.

मी मॅनेजरला, ग्रेगला, फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तर बंद.

“अप्रूव्हल नाही, आणि उद्या तो विचारेल हिरव्या ओळीवर मीठ का मारलं, तर काय सांगायचं?” सर म्हणाले.

“गोठलंय म्हणून.”

“खात्री आहे?”

“नाही. म्हणून लिऑनला चालायला लावते.”

हे माझं एक खूळ आहे, ऑफिसात यावरून माझी खूप टिंगल झालीय. मी ड्रायव्हरला ट्रकमधून खाली उतरवते, फोन बुटाजवळ धरायला सांगते आणि चालायला लावते. कोरडा बर्फ कच्च्या पोह्यांवर पाय दिल्यासारखा कुरकुरतो. वितळलेला चपचप वाजतो. आणि काचेसारखा पातळ बर्फ, ज्यातून खालचं काळं डांबर दिसतं, तो जवळजवळ वाजतच नाही. तोच सगळ्यात वाईट. ड्रायव्हरला तो ट्रकमधून नुसता ओला रस्ता वाटतो.

लिऑन पेट्रोल पंपावर कॉफी पीत होता. अर्थात आम्ही इंग्रजीत बोललो. “डायलिसिस सेंटरला परत जा,” मी म्हटलं.

“तुझ्याकडे ती ग्रीन आहे ना? मी मघाशीच तिथून आलोय. ओलं आहे नुसतं.”

“ट्रकमधून बघितलंस की उतरून?”

पलीकडून कॉफीचा घोट ऐकू आला. उत्तर मला कळलं.

बडबडत का होईना, तो गेला. मी फोन स्पीकरवर टाकला. सर कंबरेवर हात ठेवून उभे. ट्रकचं दार वाजलं. मग चपचप, चपचप. सरांनी माझ्याकडे ‘बघ, सांगितलं होतं’ असं पाहिलं.

“आता रॅम्पकडे जा,” मी म्हटलं. “हळू.”

चपचप, चपचप. मग काहीच नाही. मग धप्प, आणि त्यामागून एक शिवी, जी मी इथे लिहिणार नाही.

“लिऑन! लागलं का?”

“नाही. बसलोय,” तो म्हणाला. “रॅम्पवर. अख्खी काच आहे इथे.”

मी सरांकडे वळले. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले, “मार मीठ. अप्रूव्हलमध्ये माझं नाव टाक, तुझं नको.”

विनय सरांशी माझं पटतंच असं नाही, पण त्या वाक्यासाठी मी त्यांना बरंच काही माफ केलंय.

लिऑनने लॉटवर ट्रकने मीठ पसरलं आणि रॅम्पवर बादलीतून हाताने. मीठ टाकल्याबरोबर जादू होत नाही, त्याला मुरायला वेळ लागतो. तोवर मी डबा उघडला. लिऑनचं काम संपलं होतं, तरी तो घरी गेला नाही. ढीग उपसून रॅम्पच्याही खाली, उताराच्या टोकाला नेला आणि दारासमोर ट्रक लावून बसून राहिला.

आमची संध्याकाळ व्हायच्या सुमारास त्याचा फोन आला.

“पहिल्या आजी आल्या. वॉकर घेऊन,” तो म्हणाला. “मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, बाजूला हो, मला जमतं. गेल्या आत.”

मला रडू आलं. ऑफिसात, सगळ्यांसमोर. आजही सांगताना लाज वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. कल्याणच्या त्या दारातून सासऱ्यांना मी कितीदा धरून आणलं होतं, आणि इकडे ज्या बाईचं तोंडही मी पाहिलं नव्हतं ती कुणाचाही हात न धरता आत गेली.

ग्रेग उठला तो चिडूनच. हिरव्या ओळीवर मीठ कुणी मारलं? सरांनी सांगितलं, परवानगी माझी, ओळखलं सुजाताने. तो कॉल चालू असतानाच त्याला तिथल्या बातम्या दिसायला लागल्या. शहरभर माणसं घसरत होती, शाळा उशिरा उघडणार होत्या. ग्रेगने त्या एकेक वाचून दाखवल्या. मग म्हणाला, “ज्या बाईने हे ओळखलं, ती किती वर्षं बर्फात राहिलीय?”

“एकही दिवस नाही,” सर म्हणाले. आवाजात असा तोरा, जणू मला त्यांनीच लहानाची मोठी केलं.

आता डेस्कवर नियमच झालाय. ड्रायव्हर खाली उतरून चालल्याशिवाय हिरवी ओळ बंद होत नाही. माझी टिंगल करणारे आता नव्या मुलांना कुरकुर आणि चपचप शिकवतात.

नव्या मुलांना मी एवढंच सांगते, अंदाज हवेचा असतो, पण माणूस पडतो तो जमिनीवर.