चौथ्या टाकीतल्या निवट्या

हुसेनमियाँच्या इकाम्यावर, म्हणजे सौदीत राहायच्या परवान्यावर, धंद्याच्या रकान्यात एकच शब्द होता, आमिल. म्हणजे मजूर. अल खर्जच्या त्या मत्स्यकेंद्रात तो टाक्या घासायचा, माशांना खाणं घालायचा, पाणी किती थंड आहे ते दिवसातून सहा वेळा बघून वहीत मांडायचा, फाटकावर बसायचा आणि वर साहेब लोकांचा चहाही करायचा. पाच माणसांची कामं एकाकडून उपसून घ्यायची आणि कागदावर त्याला एकच नाव द्यायचं, ही कंपन्यांची जुनी खोड. त्यावरून तो कधी कुणाशी भांडला नाही. भांडला तो माशांवरून.

तो मूळचा साखरीनाट्याचा. बंदरावर होडी लागली की टोपल्यातली मासळी निवडायला लहानपणापासून बसलेला. त्याच्या बापाचा एक नियम होता: माशाचा रंग बघू नये, तोंड बघावं. तोंड खाली वळलेलं असेल तर तो चिखलातलं खातो, वर वळलेलं असेल तर पाण्यावरचं, आणि जबडा रुंद असेल तर दुसऱ्या माशाला. हुसेनमियाँला इंग्रजी येत नव्हतं, अरबी कामापुरती यायची, पण माशाचं तोंड तो वर्तमानपत्रासारखं वाचायचा.

केंद्रातले मासे मात्र त्याने जन्मात पाहिले नव्हते. कफीलच्या, म्हणजे परवाना काढून देणाऱ्या मालकाच्या, मनात आलं, की ध्रुवाजवळच्या गोठलेल्या तळ्यातला मासा रियाधच्या हॉटेलांत विकायचा. मोठ्या लोकांची हौस, तिला वाळवंट काय आणि बर्फ काय. विमानातून पिल्लं आली, त्यांच्यासोबत त्याच बर्फाळ मुलखातला ओलाफ नावाचा माशांचा डॉक्टर आला. अल खर्जच्या खोल विहिरींचं पाणी कोमट येतं, म्हणून ते सहा अंशांवर ठेवायला एक भलामोठा चिलर बसवला. तो बंद पडला की मासे संपले, इतकं साधं गणित.

डॉक्टरने सगळी पिल्लं एकत्र सोडली होती, कारण त्याच्या पुस्तकात तो एकच मासा होता. थोड्याच महिन्यांत मोठे लहानांना खायला लागले. हुसेनमियाँ एका शुक्रवारी जाळी घेऊन बसला आणि तोंड बघून त्याने मासे चार टाक्यांत वेगळे केले. एका टाकीत रुंद जबड्याचे, दुसरे मासे खाणारे. त्यांना तो जिताडा म्हणायला लागला. दुसरीत चांदीसारखे बारीक, पाण्यातलं तरंगतं खाणारे. त्या मांदेल्या. तिसरीत जाड, खाली तोंडाचे बोय. आणि चौथ्या टाकीत बोटभर लांबीचे काळे, तळाच्या दगडांत लपून बसणारे. त्या निवट्या. खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांशी त्यांचं काही नातं नव्हतं, पण परमुलखात माणूस ओळखीचीच नावं ठेवतो.

डॉक्टर ते बघून आधी हसला. मोडक्या हिंदीत त्याने सांगितलं, की त्यांच्याकडे थंडीच इतकी, की तळ्यात फार जातींचे मासे नसतातच. बर्फ वितळून तळं झालं तेव्हा तिथवर हा एकच पोहोचला. अख्खं तळं रिकामं. मग त्याच्याच वंशजांनी कामं वाटून घेतली. कुणी तळ धरला, कुणी मधलं पाणी, कुणी भाऊबंदच खायला लागला.

"आमच्या काठावरच्या कोळ्यांनी पण चार नावं ठेवलीत," तो म्हणाला. "पुस्तकात मात्र एकच."

"मग पुस्तक लिवणाऱ्यानं कधी मासळी निवडली नसंल," हुसेनमियाँ म्हणाला. डॉक्टरने मान डोलावली आणि अहवालात एकच नाव लिहिलं.

हुसेनमियाँचा जीव निवट्यांवर होता. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वेगळं काम करूनही एकाच नावात कोंबलेलं कुणीतरी आपल्यासारखं आहे, असं काहीतरी असावं. घरी बायकोला, मासूमाला, पाठवलेल्या कॅसेटमध्ये तो पोरांच्या चौकश्या आटोपल्या की निवट्यांची खबर सांगायचा.

मग आखातात युद्ध आलं. जानेवारी एक्क्याण्णव. केंद्रात गॅसचे मुखवटे आले, मोजून पाच. ते साहेब लोकांना मिळाले. मजुरांना सांगितलं, भोंगा झाला की ओला टॉवेल तोंडावर धरा. हुसेनमियाँने टॉवेल घेतला आणि संताप गिळला. डॉक्टर बॅग भरून निघाला. जाताना म्हणाला, "सहा अंश. मी येतो तोपर्यंत सहा अंश." माणसांचं काय करायचं, ते त्याने सांगितलं नाही.

आठवडाभराने केंद्राचा मॅनेजर टाक्यांपाशी आला. हेमचंद्र साहेब, पुण्याकडचा, हुसेनमियाँशी मराठीत बोलणारा तिथला एकटा साहेब. आपला माणूस म्हणून हुसेनमियाँला सुरुवातीला त्याचा केवढा आधार वाटला होता. सोबत चिलरचा मेकॅनिक बाळाराम होता, रायगडचा, मान खाली घातलेला.

"चिलर खोलायचा आहे," हेमचंद्र म्हणाला. "कफीलच्या डेअरीतला बिघडलाय. लष्कराच्या छावण्यांना दूध जातं, ते नासून चालणार नाही."

"आणि मासे?"

"मेले तर मेले. विमा आहे. युद्धात मेले म्हणून लिहू."

"साहेब, डाक्टरांना इचारलं?"

"हुसेनमियाँ, जग जळतंय आणि तुम्ही माशांचं काय घेऊन बसलात?"

जग जळतंय. मुखवटा कमरेला लटकवून हे म्हणायला काय जातं. दुधाला थंडावा पाहिजे हे हुसेनमियाँला कळत होतं, छावणीतली पोरंही कुणाची तरी होतीच. पण निदान दोन दिवस थांबा, टाकीभर पाण्याची सोय करू द्या, इतकंही कुणी म्हणालं नाही. बाळारामने पाने घेतले आणि दुपारपर्यंत चिलर ट्रकवर चढला. हुसेनमियाँने वही उघडली आणि रोजच्यासारखी नोंद केली. वही तो मराठीतच लिहायचा. आकडे सगळ्यांना कळायचे, बाकी मजकूर वाचायच्या फंदात कुणी पडायचं नाही.

संध्याकाळपर्यंत पाणी बारा अंशांवर गेलं. बाळाराम परत आला तो पिकअपमध्ये बर्फाच्या लाद्या घालून. बर्फाच्या कारखान्यात त्याची ओळख होती. "हुसेनभाई, माझ्या हातानं खोलला. आता तू सांगशील तसा करतो," तो म्हणाला.

दोघांनी लाद्या फोडल्या. पहिला बर्फ कुठे घालायचा, याचा हुसेनमियाँने विचारही केला नाही. निवट्या सगळ्यांत लहान, सगळ्यांत नाजूक, तळाच्या गारव्यात राहणाऱ्या. त्याने टोपल्यांमागून टोपल्या चौथ्या टाकीत ओतल्या. पारा खाली आला, आठ, सात. दोघे टाकीच्या कठड्याला टेकून बसले. हुसेनमियाँला वाटलं, आपण जिंकलो.

थोड्या वेळाने निवट्या वर आल्या. कधी वर न येणाऱ्या, दगड न सोडणाऱ्या निवट्या पाण्यावर तोंड काढून आ वासायला लागल्या. हुसेनमियाँने ओंजळीत पाणी घेतलं आणि हुंगलं. गावच्या विहिरीत साथीच्या दिवसांत पावडर टाकली की येतो तो वास. कारखान्यातला बर्फ नळाच्या पाण्याचा होता, औषध घातलेल्या पाण्याचा. माणसाला ते चालतं, कल्ल्यांना जाळतं.

जन्मभर त्याने माशावर बर्फ घातला होता. बापाने घातला, आज्याने घातला. टोपलीत थर मासळीचा, थर बर्फाचा. पण ती सगळी मासळी मेलेली होती. जिवंत माशाला बर्फ घालायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती, आणि आली तेव्हा हाताने जुनीच सवय गिरवली. दोघांनी बादल्यांनी पाणी उपसलं, विहिरीचं घातलं, बाळाराम तर टाकीत उतरला. एकही निवटी वाचली नाही.

बाळाराम रडला. हुसेनमियाँ रडला नाही. त्याला राग आला होता, आणि तो मावेना. चिलर नेणाऱ्याचा, पळून गेलेल्या डॉक्टरचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या दोन हातांचा. त्याने ते हात धुतले आणि बाळारामला डेअरीतून दुधाचे रिकामे कॅन आणायला पिटाळलं. बर्फ कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, कॅन पाण्यात बुडवायचे. थंडावा पाण्याला, औषध कॅनमध्ये. इतकी साधी युक्ती, पण एक टाकी मेल्यावर सुचली. पाच आठवडे दोघांनी कॅन बदलले. भोंगे होत राहिले, टॉवेल दोरीवर वाळत राहिला. जिताडे, मांदेल्या, बोय जगले.

मार्चमध्ये डॉक्टर आला. चिलर आदल्याच दिवशी गुपचूप जागेवर बसवला होता. हेमचंद्राचा अहवाल टाइप होऊन तयार होता: युद्धकाळात व्यवस्थापनाने मासे वाचवले, लहान पिल्लांची थोडी मर, जातीचं नुकसान नाही. हुसेनमियाँने तोंड उघडू नये म्हणून हेमचंद्राने तो त्याला मराठीत ऐकवलाही होता. डॉक्टरने सहीसाठी पेन काढलं.

"थांबा," चहाचा ट्रे ठेवत हुसेनमियाँ म्हणाला. "चार व्हते. तीन ऱ्हायलेत. निवट्या मी मारल्या. लिवा."

हेमचंद्र दबक्या आवाजात मराठीत म्हणाला, "वेडे झालात का? कुणी विचारलंय? चूक लिहिली तर खुरूज लागेल, कायमचे घरी जाल."

"जाईन. पण ती पिल्लं नव्हती. जितकी वाढायची तितकी वाढलेली व्हती. थोडी मर म्हणून निवटी टोपलीत नाय टाकायची."

त्याने वही आणली, ते पान उघडलं आणि हेमचंद्रापुढे ठेवलं. "साहेब, डाक्टरांना मराठी येत नाय, हिंदी बी अर्धीच कळते. तुमी वाचा. मोठ्यानं, इंग्रजीत."

पानावर दोन ओळी होत्या: वर, हेमचंद्र साहेबांनी चिलर डेअरीला नेला; खाली, निवट्या हुसेनमियाँने बर्फ घालून मारल्या. हेमचंद्राने वही उचलली आणि इंग्रजीत वाचून दाखवलं. हुसेनमियाँला त्यात आपलं नाव ऐकू आलं, बर्फाला म्हणतात तो आइस ऐकू आला. पण चिलर इंग्रजीतही चिलरच असतो, आणि तो हेमचंद्राच्या तोंडून आला नाही.

हुसेनमियाँने वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "डाक्टर," तो म्हणाला, "चिलर." मग खिडकीतून पलीकडे दाखवलं. "डेअरी." मग तेच बोट त्याने हेमचंद्राकडे वळवलं आणि तिथेच ठेवलं. 

डॉक्टरने वही स्वतःकडे ओढली. मग त्याने टाइप केलेला कागद बाजूला सारला आणि कोरा ओढला. "त्या माशाचं नाव काय लिहू?" त्याने हिंदीत विचारलं.

"निवटी."

दोन्ही ओळी त्याने लिहिल्या, वरची आधी. पंधरा दिवसांनी खुरूजचा शिक्का आला, तो एकट्या हुसेनमियाँच्या पासपोर्टवर. हेमचंद्र साहेब पुढे आणखी सहा वर्षं तिथेच होता. पण केंद्राच्या त्या अहवालात पहिल्यांदा चार मासे होते, तीन जिवंत आणि एक मेलेला, आणि मारणाऱ्याचं नाव मजूर असं नव्हतं, हुसेनमियाँ असं होतं.